नव्व्याण्णव टक्क्यांमागचा हिशेब मांडा: कॅन्सरच्या रक्तचाचण्या विकणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
एकाच रक्तनमुन्यातून अनेक कॅन्सर ओळखणाऱ्या चाचण्या बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि त्यांत भांडवल घालणाऱ्या कंपन्यांचे संचालक

सन्माननीय संचालकहो,

गुंतवणूकदारांसमोर तुम्ही जे सादरीकरण करता त्यात एक पान हमखास असतं. पन्नाशी ओलांडलेली माणसं किती, त्यांतली किती दरवर्षी चाचणी करून घेतील, आणि त्याला किमतीने गुणलं की बाजारपेठ केवढी होते. गुणाकार चुकलेला नसतो. पण त्यातली माणसं आजारी नाहीत. त्यांना काही होत नाही, ती तुमच्याकडे आलेली नाहीत, तुम्ही त्यांच्याकडे गेला आहात. धडधाकट माणसाच्या दारात आपण होऊन जायचं तर सोबत पुरावा भक्कम लागतो. तुमची चाचणी माणसांना मरणापासून वाचवते हे कुठेही सिद्ध झालेलं नसताना ती हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये घालून विकायचं तुम्ही ठरवलंत. त्यावर मला गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहिते आहे, कारण ज्यांच्या रक्ताबद्दल बोलायचं त्यांनीही ते वाचायला हवं.

मी लॅबमध्ये काम करते. रक्त घेणं, नळ्यांवर लेबल चिकटवणं, सॅम्पल पुढे पाठवणं हे रोजचं काम. या चाचण्यांच्या नळ्याही माझ्या हातून गेल्या आहेत. नेहमीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त फार वेळ राहिलं तर पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए प्लाझ्मात, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तद्रवात, उतरतो आणि शोधायचा तो गाठीतून आलेला कणभर डीएनए त्यात बुडून जातो. म्हणून या नळीत पेशींना धरून ठेवणारं द्रावण आधीच घातलेलं असतं. नळी भरली की हलक्या हाताने आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. जोरात हलवली की पेशी फुटल्याच. मी हे करत असते आणि समोरचा माणूस कोपरात कापूस दाबून धरत विचारतो, “आता कळेल ना सगळं?” मला काय उत्तर द्यायचं ते कुणी सांगितलेलं नाही. मी म्हणते, डॉक्टर सांगतील. डॉक्टरांच्या हातात तुमचंच माहितीपत्रक असतं.

दुसरं कारण घरचं आहे. माझी थोरली बहीण अंडाशयाच्या कॅन्सरने गेली. पोट फुगल्यासारखं वाटायचं, चार घासांत पोट भरायचं, कपडे कमरेला घट्ट व्हायला लागले होते. कित्येक महिने अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांवर निघाले. आजार सापडला तेव्हा तिसरी स्टेज होती. हे वर्षभर आधी एका नळीभर रक्तात दिसलं असतं असं कुणी तेव्हा म्हटलं असतं, तर मी एका पायावर तयार झाले असते. ही चाचणी यशस्वी व्हावी असं मनापासून वाटणाऱ्यांतली मी आहे. तेव्हा विरोधकाचं पत्र म्हणून हे बाजूला ठेवू नका.

आधी तुमचं श्रेय तुम्हाला. मागचं विज्ञान अस्सल आहे. रक्ताच्या प्लाझ्मात पेशीबाहेरचा मोकळा डीएनए तरंगत असतो हे मांडेल आणि मेते या फ्रेंच संशोधकांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. कितीतरी वर्षं त्याचं काय करायचं हे कुणाला सुचलं नाही. १९९७ मध्ये डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आईच्या रक्तात पोटातल्या बाळाचा डीएनए सापडला आणि त्यातून गर्भाच्या तपासणीची नवी रीत उभी राहिली. ती तपासणी करताना काही गरोदर बायकांचे रिपोर्ट विचित्र आले. बाळ ठणठणीत आणि आईच्याच शरीरात कॅन्सर, असं पुढे निघालं. कुणीही न शोधता, कसलीही लक्षणं नसताना. रक्तात गाठीची खूण उतरते याचा याहून बोलका दाखला नको. त्यानंतर तुम्ही लोकांनी डीएनएवर चिकटलेल्या मिथाइल या रसायनाच्या खुणा वाचायला यंत्रांना शिकवलंत. पेशी यकृतातली की फुप्फुसातली हे त्या खुणांवरून ओळखता येतं, त्यामुळे कॅन्सर आहे की नाही याबरोबर तो कुठे असावा याचाही अंदाज देता येतो. हे थोर काम आहे.

आणि नेमका प्रश्न विचारला तर ते कामी येतं, हेही दिसलेलं आहे. हाँगकाँगमध्ये नाकामागच्या घशाचा एक कॅन्सर बराच आढळतो आणि त्याचं एप्स्टाइन-बार विषाणूशी घट्ट नातं आहे. लो यांच्याच गटाने लक्षणं नसलेल्या २०,१७४ पुरुषांच्या रक्तात त्या विषाणूचा डीएनए शोधला. २०१७ मध्ये निकाल आले: ३४ जणांना कॅन्सर निघाला आणि त्यांतले ७१ टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या स्टेजचे होते. एरवी तिथे हे प्रमाण २० टक्के असे. एक आजार, तो जास्त होणारा एक गट, आणि रक्तातली एक स्वच्छ खूण. हा अभ्यास मी दोनदा वाचला, आनंदाने. तुम्ही मात्र जगातल्या सगळ्या पन्नाशीपुढच्या माणसांना पन्नासहून अधिक कॅन्सरांसाठी दरवर्षी तपासायला निघाला आहात. त्या दोन गोष्टींत फार मोठं अंतर आहे आणि ते तुम्ही जाहिरातीने भरून काढता आहात.

आता तक्रारी.

पहिली त्या ठळक टायपातल्या आकड्याची: ९९.५ टक्के. हा आकडा वाचणाऱ्याला वाटतं, चाचणी ९९.५ टक्के बरोबर येते. प्रत्यक्षात तो एवढंच सांगतो की कॅन्सर नसलेल्या हजार जणांपैकी पाच जणांना चाचणी उगाच घाबरवेल. कॅन्सर असलेल्यांपैकी किती सापडतात हा निराळाच आकडा, आणि ग्रेल कंपनीच्या गॅलेरी चाचणीच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो ५१.५ टक्के होता. त्याचीही स्टेजवार फोड तिथे छापलेली आहे. चौथ्या स्टेजचे ९०.१ टक्के सापडले, तिसऱ्या स्टेजचे ७७, दुसऱ्या स्टेजचे ४०.४ आणि पहिल्या स्टेजचे १६.८. लवकर ओळखायची म्हणून जी चाचणी विकली जाते ती पहिल्या स्टेजच्या सहा कॅन्सरांपैकी एक पकडते. यात लबाडी कुणाची नाही, शरीराचा नियमच तसा आहे. गाठ लहान असते तेव्हा ती रक्तात फारच थोडा डीएनए सोडते; प्लाझ्मातल्या एकूण मोकळ्या डीएनएत तिचा वाटा अनेकदा हजारात एकाहूनही कमी असतो, आणि माझ्या हातातल्या नळीत तिचा एकही तुकडा आलेला नसेल असंही होऊ शकतं. नसलेली गोष्ट कोणतं यंत्र वाचणार? पण मग ते तसं सांगा.

कागदावर हिशेब करून बघा. पन्नाशीपुढची एक लाख माणसं घ्या आणि त्यांतल्या हजार जणांना वर्षभरात कॅन्सर निघणार असं धरा. निम्मे सापडले तर ५००. उरलेल्या ९९,००० जणांपैकी अर्धा टक्का, म्हणजे ४९५, विनाकारण पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना काहीही झालेलं नाही, आणि खरोखर आजारी असलेले ५०० जण निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन निर्धास्त घरी गेले. हा हिशेबही मी तुमच्याकडे झुकतं माप टाकून केला आहे. ५१.५ हा आकडा आला तो ज्यांचा कॅन्सर आधीच माहीत होता अशांच्या रक्तावरून. लक्षणं नसलेल्या पन्नाशीपुढच्या माणसांवर अमेरिकेत झालेल्या पाथफाइंडर अभ्यासाचे निकाल २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. ६,६२१ जणांपैकी ९२ पॉझिटिव्ह आले, त्यांतल्या ३५ जणांना कॅन्सर होता, ५७ जणांना नव्हता. वर्षभरात त्या सगळ्यांत मिळून १२१ जणांना कॅन्सर निघाला. म्हणजे चाचणीने ३५ पकडले आणि ८६ तिच्या हातून निसटले. हे आकडे तुमचेच आहेत. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ते का नाहीत, एवढंच मी विचारते आहे.

दुसरी तक्रार सगळ्यात मोठी, आणि ती सांगताना मला त्रास होतो. लवकर सापडला म्हणजे जीव वाचला, हे तुम्ही गृहीत धरून चालला आहात. माझ्या बहिणीच्या आजारात नेमकं हेच गृहीतक तपासून झालेलं आहे. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात ५० ते ७४ वयाच्या २,०२,६३८ बायकांना एका अभ्यासात घेतलं. एका गटाची दरवर्षी सीए-१२५ ही रक्तचाचणी केली; अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये अनेकदा वाढणारं एक प्रथिन तीत मोजतात. आकडा नुसता जास्त आहे का हे न पाहता तो त्या बाईच्या आधीच्या आकड्यांच्या तुलनेत कसा चढतो आहे हे पाहिलं आणि शंका आली तर सोनोग्राफी केली. अतिशय हुशारीने आखलेलं काम होतं. सरासरी सोळा वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून २०२१ मध्ये निकाल मांडले. पहिल्या स्टेजला सापडणारे कॅन्सर ४७ टक्क्यांनी वाढले होते. चौथ्या स्टेजचे जवळपास २५ टक्क्यांनी घटले होते. तुमच्यापैकी कुणाच्याही हाती असे आकडे आले असते तर शेअरचा भाव त्या दिवशी कुठच्या कुठे गेला असता. आणि अंडाशयाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू? तपासलेल्या आणि न तपासलेल्या गटांत फरक पडला नाही.

हे वाचल्यावर मी बराच वेळ नुसती बसून होते. म्हणजे तिला ते वर्षभर आधी कळलं असतं तरी कदाचित तेवढीच वर्षं मिळाली असती, फक्त त्यातलं एक वर्ष जास्त आजारपणात गेलं असतं. आजाराची तारीख अलीकडे आली म्हणून मरणाची तारीख पुढे जाते असं नाही. निदानापासून मोजलं तर आयुष्य वाढल्यासारखं दिसतं, कारण मोजायला सुरुवातच लवकर केलेली असते. कॅन्सरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. तुमच्या शास्त्रज्ञांना तर नक्कीच. तरीही तुमच्या जाहिरातीत पहिल्या स्टेजला सापडलेल्यांपैकी पाच वर्षांनी किती जिवंत आणि चौथ्या स्टेजला सापडलेल्यांपैकी किती, असे दोन खांब शेजारी उभे करून दाखवतात आणि पुढचा अर्थ वाचणाऱ्यावर सोडून देतात.

तुमच्या चाचणीत एक अडचण आणखी आहे. जी गाठ रक्तात जास्त डीएनए सोडते ती बहुधा जास्त आक्रमक असते. तुम्ही हे गुण म्हणून सांगता: आमची चाचणी निरुपद्रवी गाठी उकरून काढत नाही, घातक तेवढ्याच पकडते. यात तथ्य आहे, आणि ते महत्त्वाचंही आहे. दक्षिण कोरियात सोनोग्राफीने गळे तपासायला लागल्यावर २०११ पर्यंत थायरॉइडच्या कॅन्सरची निदानं १९९३ च्या पंधरापट झाली आणि मृत्यू मात्र होते तिथेच राहिले. तसला गोंधळ तुमच्याकडून कदाचित होणार नाही. पण हीच बाब उलटीही लागू पडते. मुळात आक्रमक असलेली गाठ सहा महिने आधी सापडली तर तिच्यावर मात करता येईलच, हे कशावरून? मोजल्याशिवाय कळणार नाही. मोजता येत नाही असंही नाही. सिगारेट ओढणाऱ्यांच्या छातीचा लो-डोस, म्हणजे कमी किरणांचा, सीटी स्कॅन करावा की नाही हे ठरवायला अमेरिकेत ५३,४५४ माणसं घेतली, मृत्यू मोजले, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०११ मध्ये दाखवून दिलं. पुरावा असा असतो. इंग्लंडमध्ये २०२१ पासून सुमारे १,४०,००० लोकांवर गॅलेरीचा जो अभ्यास झाला, त्याचा मुख्य प्रश्न होता तो तिसऱ्या-चौथ्या स्टेजला सापडणारे कॅन्सर कमी होतात का, हा. मृत्यू कमी होतात का, हा नव्हे. अंडाशयाचा धडा समोर असताना मुख्य प्रश्न असा निवडणं मला पटत नाही. मृत्यू मोजायला वर्षं लागतात, मान्य. तेवढी वर्षं थांबायचं असतं.

तिसरी तक्रार पॉझिटिव्ह रिपोर्टनंतरच्या दिवसांबद्दल. मॅमोग्राफीत काही दिसलं तर कुठे दिसलं ते डोळ्यांना दिसतं, तिथेच सुई घालता येते. तुमचा रिपोर्ट म्हणतो, कॅन्सरचा सिग्नल आढळला, उगम बहुधा अमुक ठिकाणी. मग स्कॅन. त्यात काही नाही. मग दुसरा स्कॅन, दुर्बीण, कदाचित बायोप्सी. पाथफाइंडरमध्ये ज्यांना कॅन्सर नव्हताच त्यांना ‘नाही’ हे उत्तर मिळायला लागलेला मध्यम काळ १६२ दिवस होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून जास्त लागला. पाच महिने माणूस रोज उठतो तो या प्रश्नावर. आणि पाच महिन्यांनीही जे उत्तर मिळतं ते ‘अजून तरी सापडलं नाही’ अशा धर्तीचं. त्या स्कॅनचा, बायोप्सीचा, बुडालेल्या कामाच्या दिवसांचा खर्च त्याच्या अंगावर किंवा सार्वजनिक रुग्णालयाच्या माथी. त्याच स्कॅनसाठी रांगेत उभा असलेला, खरोखर गाठ असलेला माणूस आणखी मागे सरकतो, त्याचा तर कुठल्याच ताळेबंदात उल्लेख नाही. जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ मध्ये स्क्रीनिंगची, म्हणजे लक्षणं नसलेल्यांच्या तपासणीची, दहा तत्त्वं लिहिली. निदानाची आणि उपचाराची सोय आधी हवी, आणि खर्च मोजताना त्या सगळ्याचा मोजावा, हे त्यांत तेव्हाच आलं आहे.

रिपोर्ट पोचवण्यातला निष्काळजीपणाही याच सदरात टाकते. २०२३ मध्ये ग्रेलच्या सुमारे ४०० ग्राहकांना, तुमच्यात कॅन्सरचा सिग्नल आढळला असावा, अशी पत्रं चुकून गेली. त्यांतल्या अनेकांनी अजून रक्तही दिलेलं नव्हतं. चूक मधल्या टेलिमेडिसिन कंपनीच्या सॉफ्टवेअरची होती असं सांगितलं गेलं. असेलही. आमच्या लॅबमध्ये दोन नळ्यांची लेबलं अदलाबदल झाली तर जबाबदार आम्हीच असतो, चिकटवणारा कोण हे कुणी विचारत नाही.

चौथी तक्रार निगेटिव्ह रिपोर्टची, आणि ती थोडक्यात सांगता येते. ‘सिग्नल आढळला नाही’ हे वाचून माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, पुढे ढकलतो. कोलोनोस्कोपीत कॅन्सर होण्याआधीचे पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचे कोंब, दिसतात आणि तिथल्या तिथे काढून टाकता येतात, म्हणजे आजार होऊच दिला जात नाही. रक्ताला हे जमत नाही. फक्त मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी बनवलेल्या शील्ड या रक्तचाचणीला अमेरिकेत २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तिच्या अभ्यासात कॅन्सर ८३ टक्के सापडले, पण कॅन्सरकडे निघालेल्या पॉलिपसारख्या वाढी फक्त १३ टक्के. गर्भाशयमुखाच्या तपासणीचंही तेच: तिथे कॅन्सर होण्याच्या आधीची पायरी दिसते. तुमच्या माहितीपत्रकात ‘नेहमीच्या तपासण्या चालू ठेवाव्यात’ असं वाक्य आहे, मला माहीत आहे. ते शेवटच्या पानावर, वाचायला चष्मा बदलावा लागेल अशा टायपात आहे.

पैशाबद्दल फार लिहीत नाही. तुम्हाला नफा मिळावा याला माझी हरकत नाही. नफ्याशिवाय ही यंत्रं कुणी बनवली नसती. पण घाई कुणाची आहे ते तरी मान्य करा. डीएनए वाचायची यंत्रं बनवणाऱ्या इल्युमिनाने ग्रेल विकत घेण्याचा ८ अब्ज डॉलरचा सौदा २०२० मध्ये जाहीर केला. युरोपीय आयोगाने परवानगीआधीच सौदा उरकला म्हणून २०२३ मध्ये ४३.२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. २०२४ मध्ये ग्रेल पुन्हा वेगळी झाली आणि त्याच वर्षी युरोपीय संघाच्या न्यायालयाने आयोगाला हा सौदा तपासायचा अधिकारच नव्हता असं सांगितलं. इतके वकील, इतकी वर्षं, आणि भांडण उद्याच्या बाजारपेठेवर कुणाचा ताबा राहील याचं. दरम्यान चाचणी २०२१ पासून अमेरिकेत विकली जात होतीच, औषध प्रशासनाच्या मंजुरीविना, लॅबने स्वतः विकसित केलेल्या चाचणीला जी सवलत असते तिच्या आधारे. कायदा मोडला असं मी म्हणत नाही. रक्ताच्या थेंबभर नमुन्यावर ढीगभर चाचण्या करतो असं खोटं सांगणाऱ्या थेरानोस कंपनीशीही तुमची तुलना करणार नाही. तिथे मुळात यंत्रच चालत नव्हतं, तुमचं चालतं. म्हणून तर अपेक्षा जास्त आहे.

आणि या सगळ्यात ज्यांना ही चाचणी खरोखर उपयोगी पडू शकते ती माणसं बाजूलाच राहिली आहेत. २०२३ मध्येच इंग्लंड आणि वेल्समधला सिम्प्लिफाय नावाचा अभ्यास आला. कॅन्सरची शंका यावी अशी लक्षणं घेऊन डॉक्टरांकडे आलेल्या ५,४६१ जणांचं रक्त त्यात तपासलं होतं. पॉझिटिव्ह आलेल्या शंभरांपैकी ७५ जणांना खरोखर कॅन्सर होता. पहिल्या स्टेजची गाठ तिथेही चारांतली तीन वेळा निसटलीच, त्यामुळे काम बरंच बाकी आहे. पण बघा, पोट फुगतंय, भूक मेली आहे, वजन उतरतंय, आणि डॉक्टरांना नक्की काय ते कळत नाही, अशा माणसाच्या बाबतीत ही चाचणी त्याला गोळ्यांवरून उचलून थेट योग्य तज्ज्ञाकडे नेऊ शकते. माझी बहीण लक्षणं नसलेली निरोगी बाई नव्हती. ती महिनोन्‌महिने लक्षणं सांगत होती. तिच्यासारख्यांसाठी काय करता येईल यावर तुमच्या सादरीकरणात एखादं पान असलं तर असतं. ही माणसं संख्येने कमी आहेत आणि दरवर्षी परत येणारी नाहीत, म्हणून गुणाकार लहान होतो.

माझ्या मागण्या अशा आहेत.

मृत्यू कमी होतात हे स्वतंत्र संशोधकांनी केलेल्या, आधी नोंदवलेल्या अभ्यासात दिसत नाही तोवर लक्षणं नसलेल्या माणसांना ही रक्तचाचणी अभ्यासाबाहेर विकणं थांबवा. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमधून, नोकरीच्या ठिकाणच्या तपासण्यांतून आणि विमा कंपन्यांच्या योजनांतून ती काढा. चालू असलेले अभ्यास स्टेजचे आकडे हाती आले म्हणून गुंडाळू नका. त्यातल्या माणसांचा मृत्यूपर्यंत पाठपुरावा करा आणि निकाल तुमच्या बाजूने लागो वा विरुद्ध, सगळे छापा.

हे लगेच करणार नसाल, आणि करणार नाही अशीच शंका आहे, तर निदान एवढं करा. माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ९९.५ ज्या टायपात छापता त्याच टायपात पहिल्या आणि दुसऱ्या स्टेजचा आकडा छापा, आणि पॉझिटिव्ह आलेल्या, लक्षणं नसलेल्या शंभर माणसांपैकी कितींना काहीच नसतं तेही. या चाचणीने आयुष्य वाढतं हे अजून सिद्ध झालेलं नाही, हे वाक्य संमतीपत्रात सहीच्या लगेच वर घाला. निगेटिव्ह रिपोर्टवर, निकालाच्या ओळीखालीच, त्या वयाला कोणत्या नेहमीच्या तपासण्या करायच्या राहतात त्यांची नावं लिहा. ज्याने त्या केलेल्या नाहीत त्याला आधी तिकडे पाठवा आणि मगच आमच्याकडे नळी पाठवा.

पॉझिटिव्ह आल्यानंतर उत्तर मिळेपर्यंतच्या सगळ्या तपासण्यांचा खर्च तुम्ही उचला. खोट्या पॉझिटिव्हचं प्रमाण इतकं कमी आहे असं तुम्हीच म्हणता, मग हा बोजा तुम्हाला जड जाऊ नये. निकाल माणसाने कागदावर किंवा मोबाइलवर एकट्याने वाचू नये. तो समजावून सांगणारा डॉक्टर समोर असल्याशिवाय रिपोर्ट सोडू नका. आणि निकाल त्या माणसाच्या लेखी परवानगीखेरीज विमा कंपनीला किंवा मालकाला दिसणार नाही, असं करारात लिहून द्या.

पुढच्या संशोधनाच्या पैशातला मोठा हिस्सा लक्षणं असलेल्या पण निदान न झालेल्या रुग्णांकडे वळवा. किती वळवलात ते वार्षिक अहवालात वेगळ्या ओळीत दाखवा.

मला व्यक्तिशः उत्तर पाठवू नका, आणि भेटीचं निमंत्रणही नको. माहितीपत्रकाची पुढची आवृत्ती आमच्या लॅबमध्ये येईलच, तिचं पहिलं पान मी बघेन.

कळावे,
आपली,
एक लॅब तंत्रज्ञ